शेरमतच्या छायाचित्राखालील नाव उतरविण्याबाबत

दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
संग्रहालये व ऐतिहासिक स्थळे विभाग,
सारी-तोर खोरे जिल्हा प्रशासन, सारी-तोर.

विषय : जिल्हा संग्रहालयात लावण्यात येणाऱ्या एका सैनिकाच्या छायाचित्राखालील माझ्या भावाचे नाव उतरविणेबाबत, परंतु छायाचित्र न उतरविणेबाबत.

संदर्भ : माझे ओळखनिवेदन, दि. २ सप्टेंबर २०२५.

अर्जदार : सैयरा तोक्तोसुनोव्हा, वय ४६, स्वयंपाकीण, बालवाडी, मु. तेरेक-बाशी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, माझा थोरला भाऊ शेरमत तोक्तोसुनोव्ह हा अठराव्या वर्षी सैन्यात गेला व १९८४ साली अफगाणिस्तानात मरण पावला. त्या वेळी मी पाच वर्षांची होते. त्याची जस्ताची शवपेटी घरी आली, ती उघडू दिली नाही. माझी आई उरुमकान हिने त्याचे तोंड पाहिले नाही, ते नाहीच.

१९८६ साली संग्रहालयात खोऱ्यातील अकरा मृत सैनिकांची भिंत उभारण्यात आली. त्यासाठी शेरमतने छावणीतून पाठविलेले छायाचित्र आमच्याकडून नेण्यात आले. पुढे १९९४ च्या चिखललोटात आमचे खालचे घर वाहून गेले. त्यात त्याची पत्रे, शाळेतले फोटो, सगळे गेले. त्यामुळे सरकारी भिंतीवर होते तेवढेच आमच्याकडे उरले.

आई दर वर्षी मे महिन्यात, त्याच्या वाढदिवशी, संग्रहालयात जात असे. तेव्हाच्या रखवालदार बुबुश, ज्यांना सगळे आदराने एजे म्हणत, तिला बसायला खुर्ची देत आणि म्हणत, "उरुमकान एजे, बसा निवांत. तुमचा मुलगा कुठं पळून जातोय?" लहानपणी मीही सोबत जाई. परंतु खरे लिहिणे भाग आहे. मी त्या भिंतीकडे कधी नीट पाहिले नाही. शेजारच्या दालनात पेंढा भरलेला हिमबिबट्या होता, मी त्याच्यापुढे उभी राहत असे. त्याच्या डाव्या मिशीतला तुटका केस मला आजही आठवतो. भावाचा चेहरा आठवत नाही. नंतर मी एकोणीस वर्षे रशियात साफसफाईच्या कामावर होते. आई एकटीच जात राहिली. चार वर्षांपूर्वी तिला काचबिंदू झाल्याचे कळले, तेव्हा मी परत आले.

दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी सांगितले की, नजर फार तर सहा महिने टिकेल. मी तिला लगेच संग्रहालयात नेले. दाराला कुलूप होते. नवीन नियमानुसार संग्रहालय केवळ 'वारसा सहली'साठी उघडते, सहलीत किमान आठ जण असावे लागतात, आणि त्याआधी वाटेतल्या चारही स्थळांचे शिक्के क्रमाने मार्गपत्रकावर घ्यावे लागतात, असे समजले. मी विनंती केली की आईला फक्त एका भिंतीपुढे पाच मिनिटे उभे राहायचे आहे. उत्तर मिळाले की एका भिंतीची सहल नसते.

सबब आम्ही सहल काढली. मी, आई आणि शेजारचे सहा जण. तेरेक-बाशीच्या लोकांनी तेरेक-बाशीचाच घुमट पाहिला, ज्याच्या सावलीत आम्ही दर शरदात बटाटे निवडतो. मग कातळावर कोरलेल्या बोकडांपर्यंत गेलो. शेजारच्या काल्यबेकने तिथे वाटाड्याला विचारले, "ही आमच्याच आजोबांची बोकडं, आणि ती बघायला आता आम्हीच रांग लावायची व्हय?" मग कारवान-सराई. मग किल्ल्याची टेकडी. ती आईने खालूनच पाहिली तर शिक्का मिळत नव्हता, म्हणून काल्यबेकने तिला पाठुंगळी घेऊन वर नेले. वर काहीही नाही, मातीचा उंचवटा आहे आणि वारा आहे. आई त्याच्या पाठीवरून म्हणाली, "चौऱ्याऐंशीला टेकलेल्या म्हातारीला किल्ला जिंकायला लावलाय रे या सरकारनं." सगळे हसले. तीही हसली. ती शेवटची हसलेली मला माहीत आहे.

संध्याकाळी आम्ही संग्रहालयात पोहोचलो. भिंतीवर अकरा मुले नव्हती. त्या जागी पाहुण्यांनी फोटो काढून घेण्यासाठी लोकरीच्या नमद्याचा तंबू मांडला होता. आई तंबूपुढे बराच वेळ उभी राहिली. तिला अंधुक दिसत होते, त्यामुळे तिला वाटले आपलेच चुकले. "मला दिसत नाहीये का गं," तिने विचारले, "की तो इथं नाहीये?"

मी म्हणाले, "नाहीये, आई."

त्यानंतर आपल्या कार्यालयाशी माझा चौदा महिने पत्रव्यवहार झाला. छायाचित्रे गोदामात सापडली. परंतु नावे भिंतीवरील फळीवर लिहिलेली होती, छायाचित्रांमागे नव्हती, आणि फळी कुजली म्हणून टाकून देण्यात आली होती. आठ मुलांना त्यांच्या घरच्यांनी ओळखले. तीन उरली. त्यांपैकी दोन मुलांची कुटुंबे खोरे सोडून गेली आहेत, त्यांचा पत्ता कोणालाही नाही. बुबुश एजे गेल्या वर्षी वारल्या. ओळखीसाठी त्याच व्यक्तीचे दुसरे छायाचित्र मागण्यात आले. ते असते तर मी अर्जच केला नसता, हे मी तेव्हाही लिहून कळविले होते. शेवटी रक्ताच्या नातेवाइकाचे निवेदन चालेल असे ठरले. तोपर्यंत आईची दृष्टी पूर्ण गेली होती. ओळख पाहूनच पटवायची असल्याने तिचे निवेदन ग्राह्य धरता येत नाही, असे कळविण्यात आले.

म्हणून दि. २ सप्टेंबर रोजी मी आले. टेबलावर तीन मुले मांडून ठेवली होती. तिघांच्याही डोक्यावर टोपी, तिघांचीही गळ्यापर्यंत बटणे लावलेली. एक मुलगा नक्कीच आमचा नव्हता, त्याची हनुवटी आमच्या घरच्या कोणासारखीच नव्हती. उरले दोन. आपले लिपिक म्हणाले, "घाई नाही, बाई. पण पाचला कार्यालय बंद होतं." मी मधल्यावर हात ठेवला. तो मुलगा हसू दाबत असल्यासारखा दिसत होता. मला वाटले, रणांगणावर मेलेला भाऊ असा दिसणार नाही. मी हात मागे घेतला आणि उजवीकडच्या गंभीर मुलावर ठेवला. निवेदनावर सही केली. खोटे निवेदन दंडास पात्र आहे, हे वाचून सही केली. माझे मन तेव्हाही निःशंक नव्हते, हे मी येथे कबूल करते.

त्या छायाचित्राची प्रत मला मिळाली. मी ती आईच्या हातात दिली. तिने कागदावरून बोटे फिरवली, कपाळाला लावली, छातीशी धरली. मग म्हणाली, "उजवा कान आहे ना गं तसाच? बाहेर आलेला? टोपीत मावायचा नाही कधी. तुझे वडील मला म्हणायचे, तूच ओढून ओढून लांब केलास पोराचा कान."

मी प्रत पाहिली. दोन्ही कान डोक्याला चिकटलेले होते. मला टेबलावरचा मधला मुलगा आठवला, हसू दाबणारा. त्याच्या टोपीखालून एक कान बाहेर आला होता.

मी म्हणाले, "आहे, आई. तसाच आहे."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीने आपल्या कार्यालयात आले. लिपिकांनी सांगितले की, ओळख न पटलेली दोन छायाचित्रे काल संध्याकाळीच निर्लेखनासाठी प्रांताच्या ठिकाणी रवाना झाली, आणि तिकडे अशी कागदपत्रे ठेवून घेत नाहीत. मी माझे निवेदन मागे घेऊ लागले, तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, विचार करा. हा तुमचा भाऊ नाही असं लिहून दिलंत, की हाही बेवारस झाला. मग यालाही तिकडेच पाठवावं लागेल." मी निवेदन मागे न घेता परत आले. प्रांताच्या कार्यालयाला तीन पत्रे पाठविली. परवा उत्तर आले की, सदर कागद नष्ट करण्यात आले आहेत.

येत्या महिन्यात भिंत पुन्हा उभी राहणार आहे व त्या मुलाखाली 'शेरमत तोक्तोसुनोव्ह' असे लिहिले जाणार आहे, असे समजते. तो शेरमत नाही. उद्या त्याच्या घरचे कोणी, कितीही वर्षांनी, आठ जणांची सहल जमवून, टेकडी चढून, चार शिक्के घेऊन तिथवर आले, तर त्यांना आपल्या मुलाखाली माझ्या भावाचे नाव वाचावे लागू नये.

तरी माझी विनंती अशी की, ते नाव उतरवावे. मुलाला मात्र भिंतीवर राहू द्यावे. नावाशिवाय छायाचित्र लावण्याची तरतूद नसल्यास ती करावी. खोट्या निवेदनाबद्दल जो दंड असेल तो मला करावा, मी तो भरेन. आईला यातले काही कळवू नये, आणि तिच्याकडील प्रत ती असेपर्यंत परत मागू नये. ती रोज सकाळी त्याला खिडकीकडे तोंड करून ठेवते आणि बाहेर काय चालले आहे ते सांगते. बर्फ किती उतरले, कोणाची गाय व्याली, काल्यबेकच्या मुलीचे लग्न कुठे ठरले.

आपल्या दप्तरात कोठे त्या मुलाच्या आईचा पत्ता सापडला, व ती हयात असली, तर तिला एवढे कळवावे की तिचा मुलगा आमच्या घरी आहे, आणि त्याची आबाळ होत नाही.

उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
सैयरा तोक्तोसुनोव्हा
मु. तेरेक-बाशी, सारी-तोर खोरे

सोबत :
१. ओळखनिवेदनाची नक्कल
२. डॉक्टरांचा दाखला
३. प्रांत कार्यालयाचे उत्तर
(छायाचित्राची प्रत जोडता आली नाही. आई ती हातची सोडत नाही.)