तिशीवर नाचणारा काटा

पुणे,
९ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप दादा,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घे.

नीरजाच्या लग्नाची पत्रिका नागपूरला पोचली असेलच. उत्तर आलं नाही. असो. हे पत्र त्याबद्दल नाही, गाडीबद्दल आहे.

आपल्या डुक्कर फियाटचा स्पीडोमीटर बिघडला. वीसपर्यंत काटा शहाण्यासारखा वागायचा, तिशीला थयथय नाचायचा आणि मग एकदम मान टाकायचा. नाना पेठेतल्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "बाई, मीटरच बदला." मी म्हटलं, "ताप आला की डोकं बदलता का हो तुम्ही?" त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

मग तू शिकवलं होतंस तसंच केलं. गिअरबॉक्सकडचं केबलचं टोक सोडवलं आणि आतली तार चिमटीत धरून फिरवली. काटा हलला! म्हणजे मीटर ठणठणीत, खोड केबलमध्येच. तार ओढून काढली, तर ग्रीस वाळून पार डांबर झालेलं. रॉकेलनं धुतली, नवं ग्रीस लावलं, पुन्हा बसवली. तरी काटा नाचतोच. आमचे हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नाचू दे की, घरात लग्न आहे."

दादा, आपल्या वडिलांनी, नानांनी गाडी माझ्या नावावर केली, त्या दिवशी तू म्हणालास, "या गाडीत पाय ठेवणार नाही, आणि तुझ्या घरातही." नऊ वर्षं शब्द पाळलास बाबा! गाडी तुला हवी होती, मला ठाऊक होतं. पण मी ती मागितली नव्हती रे. आजही घेऊन जा, मी आनंदानं किल्ली देईन. तुझा राग येतो मला, आणि आठवण त्याहून जास्त येते.

परवा गुरुजींनी विचारलं, "मुलीला बोहल्यावर कोण आणणार?" हे म्हणाले, "दिगंबरला सांगू. चुलत का होईना, मामाच आहे." नीरजा तिथेच बसली होती. ती म्हणाली, "माझा मामा नागपूरला आहे. तो आला नाही, तर मी एकटी चालत येईन." गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

खरं सांगू? काटा कालच सुधारला. डॅशबोर्डामागे केबलला फार अवघड वळण पडलं होतं, तार तिथे अडकायची. वळण सैल केलं, आता साठपर्यंत सरळ जातो. तुला विचारण्यासारखं गाडीत काही उरलेलं नाही. तरी लिहायला बसले.

एकोणतीस तारखेला सकाळचा मुहूर्त आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण पोरीचा हात धर.

तुझीच धाकटी,
हेमा