धरायचं किती

दि. ११ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण जिभेला अजून काही झालेलं नाही. आपलं कस्टम्स क्लिअरिंगचं ऑफिसही तसंच आहे. तुझ्या खुर्चीवर कालपर्यंत फायली बसत होत्या.

एक गंमत सांगते. म्हणजे आता गंमत. गेल्या आठवड्यात माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशींच्या मैदा मळायच्या यंत्राचं दातेरी चाक तुटलं. इथे कुठे मिळेना, म्हणून त्यांनी ते परदेशातून विमानाने मागवलं. चाक चाळीस हजारांचं आणि भाडं साठ हजार! लोखंडाचा गोळाच तो, वजन केवढं! मी कस्टम्सचा कागद भरला आणि किमतीत सगळंच्या सगळं भाडं मिळवलं. ड्युटी लागली ती पुऱ्या लाखावर. आकडा मावशींना दाखवला. "पोरी, एवढे नाहीत गं माझ्याकडे," म्हणाल्या. चाक विमानतळाच्या गोदामात पडून, आणि इकडे सहा माणसं हाताने मैदा मळून मनगटं सुजवून बसलेली. शनिवारपर्यंत चाक सुटलं नाही तर बेकरीला कुलूप, असं त्यांनी माणसांना सांगूनही टाकलं होतं.

तेव्हा तुझ्या खणातली निळी वही काढली. (बाबांना वाटतं, ती रद्दीत गेली.) पहिल्याच पानावर तुझं ते कोंबडी नाचल्यासारखं अक्षर: "विमान: भाडं पडलं किती ते बघू नये, धरायचं किती ते बघावं. मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतच. बोट: पडेल ते सगळं."

म्हणजे साठ हजारांतले धरायचे फक्त आठ! दुरुस्तीचा अर्ज घेऊन कस्टम्समध्ये गेले. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, इतकी वर्षं या धंद्यात असून हे चुकलं कसं? मी काहीतरी पुटपुटले. सही झाली, ड्युटी निम्म्याहून खाली आली, शुक्रवारी चाक बसलं. मावशी गरम पाव फडक्यात बांधून घेऊन आल्या. मी जिन्यात बसून खाल्ले आणि तिथेच रडले. फार हलकं वाटलं रे.

साहेबांना दिलं नाही ते उत्तर तुला देते. नियम मला ठाऊक होता. पण दोन वर्षांपूर्वीच्या त्या फरशांच्या खेपेपासून वीस टक्क्यांची मी धास्तीच घेतली होती, म्हणून सरसकट सगळं भाडं भरत सुटले होते. फरशा बोटीने आल्या होत्या, तरी भाडं वीस टक्क्यांवर कापलं गेलं, दंडाची नोटीस आली आणि बाबा तुला नको नको ते बोलले. तो कागद मी भरला होता, दादा. तू नुसती सही केली होतीस. बाबा ओरडत होते तेव्हा मी दाराशी चहाचा कप घेऊन उभी होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी कपात बघत राहिले. तुला सगळं माहीत होतं. तरी माझं नाव न घेता तू बॅग भरलीस.

काल जेवताना बाबांना सांगितलं. त्यांचा हात ताटातच राहिला. भांडी घासून झाली. मग म्हणाले, "त्याला लिही."

आज सकाळी ऑफिसात आले तर तुझी खुर्ची रिकामी. फायली बाबांनी स्वतः उचलल्या होत्या, त्या गुडघ्यानिशी.

माझं गप्प बसणं तुला किती महागात पडलं, ते मोजायची माझी हिंमत नाही. सगळं माफ कर म्हणायला तोंडही नाही. पण मनात धरशीलच, तर तुझ्याच वहीप्रमाणे धर. वीस टक्के. तेवढं मी जन्मभर मुकाट्याने भरेन.

खुर्ची पुसून ठेवली आहे.

फार उशिरा बोललेली, तरी तुझीच,
भिंगरी