तांबटाची खूण

बाबा,

मागच्या शुक्रवारी कन्हान नदीच्या काठावर जाऊन आले. आपण बसायचो त्या कडुलिंबापाशी. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते, आणि का गेले नाही ते कुणाला सांगितलंही नव्हतं. ते सांगायला आज बसले आहे. तुमच्यापर्यंत हे पोचणार कसं, याची चिंता मी करत नाही. तसंही शेवटी शेवटी माझं निम्मं बोलणं तुम्ही ओठांवरूनच ओळखायचात.

शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन मी कापडाच्या लूमच्या शेडमध्ये यायचे. दार उघडलं की आवाज आधी छातीत शिरायचा, मग कानात. पत्र्याच्या छपराखाली ओळीने चाललेले लूम, धोट्यांची खटाखट, आणि त्या गदारोळात माणसं मजेत गप्पा मारत असायची, तोंडाने नाही, हातांनी. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. ओठाला अंगठा म्हणजे पाणी. कपाळावर तळहात आपटला की शेठ आला, आणि सगळ्या पाठी एकदम ताठ. त्या खुणांमध्ये चहाड्या व्हायच्या, थट्टामस्करी व्हायची. एकदा तर पलीकडच्या काकांशी तुम्ही अख्खं भांडण हातांनी केलंत आणि मी डबा धरून खो खो हसत उभी. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांना ही भाषा येते. आणि तुमची नजर! चार लूम पलीकडे तुटलेला धागा तुम्हाला इथून दिसायचा. काका म्हणायचे, याचे कान देवाने डोळ्यांत भरले.

घरी मात्र तुमचा आवाज गल्लीभर. तुम्ही मीठ मागितलं की शेजारीण आपल्या घरातून हसायची. लहान होते तोवर मला वाटायचं, तुम्ही सारखे चिडलेलेच असता. मी कोपऱ्यात जाऊन बसले की आई तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणायची, "चिडले नाहीत वं ते. त्यायच्या कानात लूम अजून चालूच आहे." मला ते खरंच वाटलं होतं. तुम्ही झोपलात की मी तुमच्या कानाला कान लावून ऐकायचे.

शुक्रवारी लूम बंद. सकाळी मला सायकलच्या दांडीवर बसवायचं आणि म्हणायचं, "चाल, कान धुऊन येऊ." कडुलिंबाखाली बसल्यावर थोडा वेळ कुणी बोलायचं नाही, हा तुमचा नियम. मग हळूच विचारायचात, "आता काय बोलून राहिलं वं?" मी पाखराचं नाव सांगायचे. पुढे पुढे नाव सांगूनही तुम्हाला नीट कळेना, तेव्हा आपण शेडसारख्या खुणा केल्या. हात वरून खाली सूर मारला की खंड्या. छातीवर मूठ धरून हुंकार दिला की भारद्वाज. डाव्या मुठीवर उजव्या हाताच्या बोटाने ठक ठक ठक, तो तांबट. दुपारभर भांडी ठोकत बसल्यासारखा बोलणारा, म्हणून तो तुमचा लाडका. "आपल्यासारखाच आहे हा, ड्युटीवर," असं म्हणायचात.

एकेक करून ते सगळे तुमच्या कानांतून गेले. आधी चिमण्या, मग शिंजीर, मग बुलबुल. "बुलबुल आजकाल इकडं येत नाही वाटते," असं तुम्ही म्हणालात तेव्हा दोन बुलबुल आपल्या डोक्यावरच कडकडून भांडत होते. मी बोट वर केलं. तुम्ही वर पाहिलंत आणि बराच वेळ पाहतच राहिलात. त्या दिवशी परत येताना तुम्ही सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलात. तांबट तेवढा तुम्हाला पुष्कळ दिवस ऐकू येत राहिला, मग तोही गेला.

मी नागपूरला शाळेत शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून मला बघायला आलात. स्टाफरूमच्या दारात उभे राहून घरच्याच आवाजात म्हणालात, "जयभीम!" सगळ्या माना वळल्या. मी तुम्हाला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, "बाबा, हळू बोला ना, लोक पाहून राहिले." मी आवाजाबद्दलच बोलते आहे, असं तेव्हा मी स्वतःला बजावलं. खरं सांगते, नुसता आवाज नव्हता तो. तुम्ही मान हलवलीत, आईने दिलेली चिवड्याची पिशवी माझ्या हातात ठेवलीत आणि गेलात. त्यानंतर लोकांसमोर तुम्ही बोलणंच सोडलंत. मग मी प्रायश्चित्त म्हणून तुम्हाला कानाचं मशीन आणून दिलं. त्यात रिक्षाचा हॉर्न डोक्यात खिळा ठोकायचा आणि माणसाचं बोलणं मात्र उमगायचं नाही. तरी मी घरी आले की तुम्ही ते कानाला लावून बसायचात. माझं मन राखायला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीतला तो शुक्रवार. आपण नदीवर गेलो. नेमक्या माझ्या शाळेतल्या एक बाई घरच्यांबरोबर घाटावर आल्या होत्या, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही मशीन काढून खिशात ठेवलंत, कडुलिंबाच्या शेंड्याकडे पाहिलंत आणि कुजबुजल्यासारखं, किती जपून, विचारलंत, "आता काय बोलून राहिलं वं?"

तांबट बोलत होता, बाबा. सारखा बोलत होता. मला फक्त मुठीवर बोट आपटायचं होतं. पण बाई आपल्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांच्यासमोर मुक्या माणसासारखे हातवारे करायची मला लाज वाटली. मी मान हलवली. काही नाही. तुम्ही म्हणालात, "बरं." चपला घातल्यात. त्यानंतर तुम्ही मला कधीच काही विचारलं नाहीत. लोकांना सांगायचात, नदीवरची पाखरं गेली आता. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, हेच मला इतकी वर्षं खात होतं.

आता कामठी रोड तुम्हाला ओळखू येणार नाही. खाली रस्ता, त्यावर पूल, त्यावर मेट्रो. मधला सगळा आवाज तिथेच कोंडून फिरत राहतो. आमच्या शाळेची खिडकी उघडली की मागच्या बाकापर्यंत माझं शिकवणं पोचत नाही, म्हणून मीही वर्षानुवर्षं ओरडूनच शिकवते. लग्नसराईत डीजे निघाला की घरात मांडणीवरची ताटं थरथरतात. अंगणातल्या बदामावर साळुंक्यांचं घरटं होतं. मागच्या वरातीनंतर त्या परत फिरकल्या नाहीत. गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण धरून वाट पाहत बसले. बाहेर आल्यावर कळलं, आवाज कधीचे येऊन गेले होते.

म्हणून गेले शुक्रवारी नदीवर. लेक बरोबर होती, कानांत इअरफोन. पुलावरून ट्रक एकामागून एक चाललेले. कडुलिंब अजून आहे. मी तिला हलवून विचारलं, "काय बोलून राहिलं गं आता?" तिने एक इअरफोन काढला, क्षणभर ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "काहीच नाही आई. चल ना, ऊन होऊन राहिलं."

आणि मी वर पाहिलं. शेंड्यावरच्या सुक्या काटकीवर तांबट बसला होता. दर ठोक्याला त्याची मान हलत होती, गळा फुगत होता आणि बसत होता. मला एक ठोकाही ऐकू आला नाही, पण सगळं दिसत होतं. मी तिथेच घाटाच्या पायरीवर बसले. तुमचे डोळे तर माझ्याहून कितीतरी चांगले होते. आणि त्या दिवशी तुम्ही शेंड्याकडेच पाहत होतात.

तुम्हाला दिसत होतं, बाबा. तरी तुम्ही "बरं" म्हणालात.

लेकीने विचारलं, "काय झालं आई, काहून रडून राहिली?" घाटावर चार माणसं होती. मी पर्स मांडीवर ओढली आणि तिच्याखाली, कुणाला दिसणार नाही असं, मुठीवर बोट आपटत राहिले.