मास्तरणीला ऐकू जाईल अशी शीळ

वरचं घर,
२ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. एकदा बाबांसमोर मोठ्यानं वाचलं आणि एकदा गोठ्यात एकटीनं. बाबांसमोर वाचताना शेवटचं पान गाळलं, हे तुला सांगितलेलं बरं. शेळ्या विकून टाक, घराला कुलूप लाव आणि बाबांना घेऊन खाली आमच्याकडे ये, हे तू मायेपोटीच लिहिलंस, ते मला कळतं. पण ज्या माणसाला अजून धड बसता येत नाही, त्याच्या कानावर हे आत्ताच कशाला घालू?

बाबांचा उजवा हात अजून मांडीवर पडलेला असतो. तोंड वाकडंच आहे, शब्द फुटत नाही. पण जेवण व्यवस्थित आणि चिडणंही व्यवस्थित, त्यामुळे डॉक्टरीणबाई समाधानी आहेत. खाट खिडकीशी सरकवली आहे. काल मास्तरणीनं खिडकीतून मान आत घालून त्यांच्या रजईचा कोपरा चावून खाल्ला, तर ओरडायचं सोडून तिचे कान कुरवाळत बसले. मास्तरीण म्हणजे आपली म्होरकी शेळी. तू गेल्यानंतर जन्मली, म्हणून ओळख करून देते. डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढरी वर्तुळं आहेत आणि बघते अशी, की आपला गृहपाठ राहिलाय असं वाटावं. ती आली की बाकीच्या येतात, ती अडली की सगळ्या अडतात.

आता खरी गोष्ट. बर्फ उतरलं की कळप वरच्या कुरणावर न्यायचा. तिथे एका अंगाला कडा आणि दुपारनंतर धुकं. बोलावल्यावर न येणारा कळप तिथे नेणं म्हणजे जनावरं दरीत लोटणं. आपल्या शेळ्या येतात त्या फक्त बाबांच्या शिळेला, आणि बाबांच्या ओठांत आता वारा थांबत नाही. काकांनी एप्रिलअखेर व्यापाऱ्याला बोलावलंय. तोवर शेळ्या माझ्या शिळेला आल्या तर ठेवायच्या, नाहीतर विकायच्या, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. शेळ्या गेल्यावर बाबा त्या खिडकीतून काय बघतील, याचा विचार करवत नाही.

अडचण अशी, की मी ती शीळ जन्मभर खालूनच ऐकली. संध्याकाळी बाबांनी खिंडीतून शीळ घातली की मी हातातलं काम टाकून फाटक उघडायला धावायची. पलीकडच्या उतारावरचे लंबूमामाही त्याच वेळी आपला कळप बोलवायचे, आणि दोन्ही आवाज कड्यांवर आपटून खाली येईपर्यंत त्यांचा पार काला झालेला असायचा. तू मात्र बाबांबरोबर वर जायचास. तेव्हा शीळ कशी, बोटं कशी धरायची, सगळं सविस्तर लिही. पत्रातून शीळ कशी पाठवायची ते तुझं तू बघ, आमच्यात शिकलेला तूच.

भावजयीला आशीर्वाद, पिटुकलीला पापा. माया आहेच, ती या खेपेला शिळेच्या रूपानं पाठव.

तुझी,
ताई

---

भिंगांचं दुकान,
११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजव्याचं भिंग डावीकडे बसवलं. मालक काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आधी माझं म्हणणं. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. पायऱ्या नाहीत, दवाखाना हाकेच्या अंतरावर. खिडकी एकच आणि तीही शिंप्याच्या मागच्या अंगणाकडची, पण ऊन येतं. घरमालकीणबाई एप्रिलअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण तू एकटी बाबांना उठवतेस, बसवतेस, धारा काढतेस आणि वर कड्यावर जायच्या गोष्टी करतेस, यानं माझी झोप उडालीय.

आता शीळ. दोन्ही हातांची पहिली दोन-दोन बोटं टोकाला टोक लावून धर, जिभेचं टोक मागे दुमड, आणि त्यावर बोटं टेकवून फुंक. शीळ अशी: दोन लांब, मग एक तोकडी, आणि ती शेवटी वर उचललेली, कुणी “येतेस ना” असं विचारावं तशी. डोळे मिटले की अजून ऐकू येते, त्यामुळे यात चूक होणं नाही.

ही पद्धत तपासायला घरात प्रयोग केले. मी सगळ्या टेबलावर थुंकलो, तुझ्या भावजयीनं हात टेकले, आणि पिटुकलीला मात्र पाचव्या फुंकरीला जमली. आता ती जिन्यात शीळ घालते आणि वरच्या मजल्यावरच्या बाई किटली उकळली समजून गॅस बंद करायला धावतात. दोनदा त्यांचा चहा कच्चा राहिला.

जप स्वतःला. तुझ्या लोभावरच आमचं चाललंय.

तुझा,
धाकटा

---

वरचं घर,
३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ओठ फुटले, जिभेला फोड आले, पण शीळ आली! पहिले काही दिवस नुसती हवा. मग एका सकाळी भांडी घासता घासता ओल्या बोटांनी सहज फुंकलं आणि असा आवाज निघाला की मीच दचकले, हातातलं पातेलं खाली. त्यानंतर मी धडाकाच लावला. दोन लांब, एक तोकडी, वर उचललेली.

बाबांचा उत्साह काय सांगू! मी शीळ घातली रे घातली की डाव्या हातातला पत्र्याचा पेला खाटेच्या दांड्यावर ठाणठाण आपटायचे. मला वाटलं, शाबासकी. मला भरून यायचं आणि मी आणखी जोरात घालायची. ते आणखी जोरात आपटायचे. पेल्याला पोचे पडले.

काल म्हटलं, आता परीक्षा. शेळ्या खालच्या उतारावर सोडल्या, फाटकाशी उभी राहिले आणि जीव एकवटून शीळ घातली. मास्तरणीनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागली. दुसरी घातली. तर ओढ्यापलीकडून घंटांचा गलबला, आणि बघते तो लंबूमामांचा अख्खा कळप पाणी तुडवत, उड्या मारत आपल्या अंगणात! माझी वाफ्यातली पालकाची रोपं गेली. दोरीवरची तुझी जुनी बंडी गेली. मागून लंबूमामा आपले लांब पाय टाकत, माझ्या शेळ्या कुणी पळवल्या म्हणत धापा टाकत आले.

धाकट्या, तू मला लंबूमामांची शीळ शिकवलीस! मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं, पण “यात चूक होणं नाही” असं तू लिहिलंस आणि मी कान असून तुझ्यावर विसंबले. आणि बाबा बिचारे इतके दिवस पेला आपटून ‘चूक, चूक’ म्हणत होते.

पण एक सांगते. अंगणभर परक्या शेळ्या आणि मध्ये डोक्याला हात लावून उभी मी, हे पाहून बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसतं आता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. लंबूमामा त्यांच्या खाटेवर बसून हसले. मीही हसले आणि मग गोठ्यात जाऊन रडले.

तुझ्यावर राग नाही. थोडा आहे. तो तुझ्या वाट्याचा लोभ समजून ठेवून घे.

तुझी,
ताई

---

भिंगांचं दुकान,
८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवसभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून भिंगं घासतो, आणि स्वतःच्या कानांचा हा प्रकार. लाजेनं मेलो. तुझी भावजय मात्र पत्र वाचून इतकी हसली की शेजारी चौकशीला आले. बाबा हसले, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो.

पण हसून झाल्यावर मला भीती वाटली, आणि ती स्पष्टच लिहितो. एप्रिल लागलासुद्धा. नवी शीळ शिकायला, ती शेळ्यांच्या अंगवळणी पडायला दिवस कुठे उरलेत? समज, तू हट्टानं वर गेलीस, धुकं आलं, शेळ्या कड्याकडे गेल्या आणि तू त्यांच्यामागे. बाबा खिडकीत बसून वाट बघतील आणि हाकही मारू शकणार नाहीत. मला शेळ्यांची काळजी नाही ताई, तुझी आहे. काकांचंही पत्र आलंय. व्यापारी २७ तारखेला येतोय. या वेळी माझं ऐक. खोली मी धरून ठेवली आहे.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

---

वरचं घर,
१५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावले नाही. पण ऐकणारही नाही.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी लंबूमामांना बोलावून बाबांची खरी शीळ विचारली. ती बाबांच्या पुढच्या दातांतल्या फटीतून निघायची. माझे दात सरळ, मला ती सात जन्मांत येणार नाही. मी अगदी खचले. तेव्हा मामा म्हणाले, शेळीला गाण्यातलं काय कळतं पोरी? कोण बोलावतंय आणि गेल्यावर काय मिळतंय, एवढंच तिला कळतं. बाबांनीही तरुणपणी खिशात मीठ घेऊनच शेळ्या वळवल्या होत्या म्हणे. बाबांनी पेला न आपटता मान डोलावली.

म्हणून आता मी माझीच शीळ घालते. एकच, लांब, सरळ, कुठे वर नाही की खाली नाही. बाबांसारखी नाही आणि मामांसारखी तर मुळीच नाही. शीळ घालायची आणि तळहातावर मीठ धरायचं. आधी गोठ्यात, मग अंगणात, मग ओढ्याशी. मास्तरीण पहिल्यांदा आली ती उपकार केल्यासारखी. आता मी बोटं तोंडाशी नेली तरी कान टवकारते. रोज थोडी लांब जाते.

तू बघायला हवा होतास हा उतार. बर्फ फक्त सावलीतल्या घळींत उरलंय, ओढा रात्रंदिवस बडबडतोय आणि दगडांच्या फटींतून पिवळी फुलं डोकावताहेत. मामा रोज दुपारी येतात, बाबांना धरून दारापर्यंत चालवतात आणि पट खेळताना त्यांच्या सोंगट्या चोरतात. बाबा ते बरोबर पकडतात. हे सगळं सोडून शिंप्याचं अंगण बघायला त्यांना आणू?

तुझी भीती खोटी नाही. मलाही वाटते. म्हणून २७ तारखेला मी खिंडीपलीकडे जाणार नाही, आणि मामा कड्याच्या बाजूला उभे राहतील. एवढं वचन घे आणि लोभात घाबरटपणा मिसळू नकोस.

तुझी,
ताई

---

वरचं घर,
२८ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल व्यापारी आला. चांगला माणूस होता, बुटांचा चिखल झटकून आत आला. काकांनी त्याला अंगणात बसवलं. बाबा दारात खुर्चीवर. मी कळप घेऊन खिंडीत गेले आणि शेळ्या वरच्या हिरवळीवर सोडल्या. बाबांच्या नेहमीच्या दगडावर उभी राहिले. तिथून घराचं छप्पर काडेपेटीएवढं दिसतं.

आणि धुकं आलं. दुपारचं यायचं ते सकाळीच. आधी छप्पर गेलं, मग शेळ्या गेल्या. मी शीळ घातली. काही नाही. परत घातली. कुठेतरी एक दगड घरंगळला. खरं सांगते, त्या क्षणी तुझी ती खोली माझ्या डोळ्यांपुढे आली. पण म्हटलं, मी डगमगले तर शीळ डगमगेल. डोळे मिटले, गोठ्यात उभी आहे असं समजले आणि छातीतला सगळा वारा त्या एका शिळेत घातला.

मग घंटा वाजली. पांढरा चष्मा आधी दिसला, मागून शेळी. मास्तरणीनं सरळ माझ्या खिशात तोंड घातलं. तिच्यामागे एकेक करत सगळ्या आल्या, नेहमी मागे राहणारी लंगडी शेळीसुद्धा. कड्याकडून लंबूमामा ओरडून विचारत होते आणि मी नुसती शेळ्या मोजत होते. मी त्या मिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि चांगलीच अद्दल घडली.

उतरताना सारखं वाटत होतं, फाटक बंद असणार. आजवर बाबांनी शीळ घालायची आणि मी धावत जाऊन फाटक उघडायचं. आता खाली कोण धावणार? काकांना सुचणार नाही, आणि बंद फाटकाशी शेळ्या बिथरल्या की उधळतात.

धाकट्या, फाटक उघडं होतं. बाबा खांबाला डाव्या हातानं धरून उभे होते. खुर्चीपासून तिथवर स्वतः चालत गेले. काका धरायला गेले तर त्यांना कोपरानं बाजूला सारलं म्हणे. पेला उंबऱ्यावर उपडा ठेवला होता. शेळ्या त्यांच्या पायांना घासत आत गेल्या आणि शेवटची आत गेल्यावर त्यांनी कडी घातली. व्यापारी टोपी डोक्यावर ठेवून निघाला. जाताना माझ्याकडे बघून हसला.

परवापासून मी कळप वरच्या कुरणावर नेतेय. तुझा लोभ आता खोलीत अडकवून ठेवू नकोस.

तुझी,
ताई

---

भिंगांचं दुकान,
६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोलीची किल्ली आज परत केली. घरमालकीणबाईंना कारण सांगितलं, तर त्यांनी मास्तरणीला नमस्कार कळवलाय.

सुट्टी लागताच आम्ही तिघं वर येतोय. पिटुकलीला ती लंबूमामांची शीळ विसरायला सांगितलीय, पण तिचा काही भरवसा नाही, तेव्हा पालकाची रोपं झाकून ठेव. आम्ही खालच्या वळणावर आलो की तुझी शीळ घाल. मला ती ऐकायची आहे, आणि या वेळी मी नीट लक्षात ठेवीन.

फक्त एक कर ताई. आम्ही दिसलो म्हणून फाटक उघडायला धावू नकोस. ते बाबांना उघडू दे.

बाकीचा लोभ समोर बसून.

तुझा,
धाकटा