हललेले फोटो

४ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

तुझ्या ताईचा आशीर्वाद. तुझ्याकडे सगळी बरी असतील असं धरून चालते, कारण बरं नसलं की तू लागोपाठ फोन करतोस, एरवी तुला बहीण आठवत नाही. मी ठीक. दुकान चालू आहे. दिवसभर उभं राहून पाय भरून येतात आणि संध्याकाळी कुणी गप्पा मारायला आलं तर त्याच्या तोंडावर जांभई येते. अक्षर जरा वाकडंतिकडं दिसेल. कापायचं टेबल डुगडुगायला लागलंय आणि त्यावरच कागद ठेवून लिहिते आहे.

कॅमेरा पोचला. खोक्यात एवढे कागदाचे बोळे कोंबले होतेस की आधी वाटलं, भावाने रद्दीच पाठवली. ‘ताई, आता काम कमी कर, छंद लावून घे,’ अशी चिठ्ठी वर. छंद म्हणून हे एवढं धूड? गळ्यात घातलं की मानेला इस्त्री टांगल्यासारखं वाटतं.

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो काळे आले. मी म्हटलं, उजेड कमी असेल. खिडकी उघडली, दिवे लावले, तरी काळेच. शेवटी दुकानात काज-बटणं करणारी आपली काजवाली म्हणाली, “ताई, पुढचं झाकण काढायचं असतं का हो?” काढलं. त्यानंतर दिवसभर तिच्या तोंडाला झाकण नव्हतं. दुकानात येईल त्याला सांगत होती. पूर्वी आम्ही चौघीजणी होतो, आता ती आणि मी दोघीच, म्हणून ऐकून घेते.

झाकण काढल्यापासून उजेड येतो, पण फोटो धड एक येत नाही. मशीनचा काढला तर ते चालू असल्यासारखं दिसतं. कुंडीचा काढला तर पानं वाऱ्यात असल्यासारखी, आणि त्या दिवशी वाऱ्याचं नाव नव्हतं. बटण अर्धं दाबायचं, टुक् वाजलं की पूर्ण दाबायचं, हे तू सांगितल्याबरहुकूम करते. माझं स्पष्ट मत आहे, तुझ्या भिंगात खोट आहे. स्वतः नवा घेतलास आणि बिघडलेला बहिणीच्या गळ्यात घातलास असं मी म्हणत नाही. पण एकदा आठवून बघ, कुठे आपटला होता का.

चिमणीच्या लग्नाच्या पोशाखाचं विचारलंस. कापड मिळालं. तुझ्या लेकीची नजर चांगली आहे. मोतिया रंग, आणि हातातून पाण्यासारखं निसटतं. घडी पडू नये म्हणून गुंडाळून कपाटात ठेवलंय. मापं आहेतच. करते.

तुझी,
ताई

२२ ऑगस्ट

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. हे पत्र वाचायच्या आधी बसून घे.

तू फोनवर सांगितलंस म्हणून भिंगाच्या कडेची ती बारकी कळ वर केली, हात हलला तर सांभाळून घेणारी. काही फरक नाही. मग लक्षात आलं की भिंगाची कडी फिरवताना जड लागते. आता मला जड लागणाऱ्या वस्तूवर एकच औषध ठाऊक. मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. कडी लोण्यासारखी फिरायला लागली आणि दुसऱ्या दिवशी भिंगावर तवंग आला.

ओरडून झालं? पुढे वाच.

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे घेऊन गेले. तोच तो, तुझ्या शाळेच्या ओळखपत्रावर तुला चोरासारखा दाखवणारा. आता म्हातारा झालाय, पण दुकान उघडतो.

“तेल?” तो म्हणाला. “बाई, हे शिवणयंत्र आहे का?”

“फिरतंय ना पण छान?”

“फिरतंय. तुमच्या हाती कुणी घड्याळ देऊ नये.”

कापूस, कसलंसं औषध, फुंकणी घेऊन बराच वेळ पुसत बसला. पुसता पुसता शिकवलंही. भिंगाच्या आत एक भोक असतं ते लहानमोठं होतं, हे तू मला तीनदा समजावलंस आणि मी तीनदा ‘हो’ म्हटलं. परवा समजलं. नाडीची पिशवी. नाडी ओढली की तोंड बारीक, उजेड कमी. सैल सोडली की तोंड मोठं, उजेड भसाभसा. आणि शटर म्हणजे ते तोंड किती वेळ उघडं ठेवायचं. उजेड कमी असला की जास्त वेळ ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात हललं की फोटो बिघडला. तू घरांचे नकाशे काढणारा माणूस, तुला आकडे आठवतात. मला नाडी दिली असतीस तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

मग त्याने माझ्या गळ्यातल्या मापपट्टीचा फोटो काढला. एकेक आकडा वाचून घ्यावा असा. “भिंग उत्तम आहे,” म्हणाला, आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. मी काढला. आकडे मुंग्यांसारखे चालत होते.

“कोपरं अंगाला लावा. श्वास धरा.”

मला रागच आला. कापडाला कात्री लावताना कोपर अंगाशी आणि श्वास आत, हे मीच जन्मभर पोरींना शिकवत आले. तुलाही शिकवलं होतं. पुन्हा काढला. पुन्हा मुंग्या.

त्याने कॅमेरा बाजूला ठेवला. चहा मागवला. त्याचा कप भरलेला, माझा अर्धा. मी म्हटलं, “एवढी कंजुषी?” तो म्हणाला, “सांडतो.” कुणाकडून सांडतो ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चष्म्याचा नंबर वाढला असेल. झोपही हल्ली पुरत नाही. सकाळी उठते ती आदल्या दिवसाचा थकवा घेऊनच.

पोशाखाचं तू पुन्हा विचारलंस. अरे, गिऱ्हाइकांची कामं तुंबलीत. घाईने चालत नाही, कापड मोजून मापून आहे, एकदा कात्री लागली की मागे फिरता येत नाही. चिमणीला सांग, आत्याच्या डोक्यात पोशाख शिवून तयार आहे.

तुझी,
ताई

११ सप्टेंबर

प्रिय बारक्या,

आशीर्वाद. तुझे फोन येऊन गेले ते कळलं. मी मुद्दाम घेतले नाहीत. फोनवर तू विचारतोस, मी विषय बदलते आणि तू बदलू देतोस. कागदावर तसं जमत नाही.

सोबत एक फोटो ठेवला आहे. पत्र वाचून झाल्यावर बघ.

फोटोवाल्याकडून आल्यावर मी कॅमेरा आठवडाभर हातात घेतला नाही. मग एका दुपारी इस्त्रीच्या टेबलावर कापडाचे दोन तागे रचले, वर कॅमेरा ठेवला, आणि ते आपोआप फोटो काढायचं बटण दाबून लांब उभी राहिले. कपाटाचा फोटो. इतका लख्ख आला की दाराचे खिळे मोजावेत. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं म्हण. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी तुला पाठ करायला लावली होती, पण स्वतःचं अंगण असलं की माणूस आधी अंगणच सारवायला घेतो.

परवा चिमणीचं कापड बाहेर काढलं. म्हटलं, बस झालं. टेबलावर पसरलं, खडूने आखलं. रेघा दोनदा पुसाव्या लागल्या. मग वाटलं, पहिली कात्री लावते तो फोटो काढून पोरीला पाठवावा, खूश होईल. कॅमेरा पुन्हा ताग्यांवर ठेवला. दुपार ढगाळ होती, म्हणून शटर सावकाश ठेवलं. बटण दाबलं, टेबलाशी आले, कात्री उघडून कापडाच्या कडेशी धरली आणि थांबले. टुक् झालं.

आधी जाऊन फोटो बघितला. का ते माहीत नाही. सवयीने कात्री आधी चालायला हवी होती. पण कात्री तशीच ठेवली आणि बघायला गेले.

कापड स्पष्ट आलंय. खडूची रेघ, खिडकी, मशीन, सगळं जिथल्या तिथे. फक्त माझा उजवा हात आणि कात्री नाही. तिथे धुरासारखं काहीतरी आहे.

बारक्या, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी वर्षभर मूठ झाकून बसले होते. गिऱ्हाइकांची कामं तुंबलीत असं लिहिलं ते खोटं. नवं कापड मी घेतच नाही. उंची कमी करणं, चेन बदलणं एवढीच कामं येतात आणि ती काजवाली करते. सकाळी माझ्या आधी येऊन सगळ्या सुया ओवून ठेवते आणि मला सांगते, “सवय लागलीय हो हाताला.” झाकणाची गोष्ट गावभर सांगणारी बाई, पण ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. जिवाला धोका नाही म्हणाल्या. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही. काम बंद करा असं त्यांनी सांगितलं नाही. मीच विचारलं, करू का? तर म्हणाल्या, “तुम्हाला काय वाटतं?” एवढं शिकून उलट मलाच विचारतात.

मी थकले रे. हात हलतो त्याने नाही, तो हलत नाही असं दाखवण्याने जास्त.

आता पोशाखाचं. कापडाला कात्री लागलेली नाही. कुणा दुसऱ्याकडे शिवायला द्यायचं असेल तर दे, मी रुसणार नाही. म्हणजे रुसेन, पण तुला कळू देणार नाही. पण चिमणी फोनवर म्हणाली होती, “आत्या, तू शिवलास तरच घालीन, नाहीतर शाळेचा गणवेश घालून उभी राहीन.” तिला नाही म्हणायचं तर ते मला जमत नाही आणि तूही तिला तसं सांगू नकोस.

म्हणून विचारते. शाळेतून आलास की तू या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचास आणि उरलेल्या तुकड्यांवर कात्री चालवायचास. तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ जायची. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, शेफारला असतास. नंतर तू कागदावर घरं आखायला लागलास आणि कात्री सुटली, ते बरंच झालं. पण हाताला शिकवलेलं हात विसरत नाही असं मी समजते. माझा विसरलेला नाही, फक्त ऐकत नाही.

तर रजा काढून ये. आखणी झालेली आहे. मी शेजारी उभी राहून सांगेन, कापायचं तू. शिलाई मशीनवर मला अजून जमते, मशीन कापड धरून ठेवतं. बाकी टाके काजवाली घालेल. येताना कॅमेऱ्याची तिपाई आण. चिमणीला पाठवायचा फोटो अजून काढायचा राहिलाय, आणि या वेळी कात्री तुझ्या हातात असेल म्हणजे तो नीट येईल.

कात्रीला धार लावून आणली आहे. गादी वाळवली आहे.

आणि पहिल्या पत्रात मी टेबल डुगडुगतं असं लिहिलं होतं. तसं काही नाही. टेबल भक्कम आहे, तू बिनधास्त त्यावर ओणवा हो.

वाट बघणारी,
तुझी ताई