ओळख बचाव मोहीम, रोहा-पेण

३ फेब्रुवारी, सकाळी ६
संकल्प. रोहा-पेण पट्ट्यातल्या एकाही माजी सैनिकाची ओळख चोरीला जाऊ द्यायची नाही. काल दिल्लीहून एका कर्नलसाहेबांचा फोन आला. माझा आर्मी नंबर त्यांना पाठ, रिटायरमेंटची तारीखसुद्धा. म्हणाले, सुभेदार कमळाकर, भामटे फार माजलेत. तुमच्या भागातल्या सगळ्यांची कागदपत्रं आमच्याकडे पाठवा, आम्ही सुरक्षित करतो. अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, माणूस ओळखता येतो.

९ फेब्रुवारी
सून दिपिका म्हणते, बाबा, फोनवरच्या माणसाला आधारचे फोटो पाठवू नका. ती धाटावला केमिकल कंपनीत. तिला फौजेतलं काय कळणार. समजावलं. डबा घेऊन शिफ्टला गेली. पटलं असावं.

१५ फेब्रुवारी
खांब गावी लतीफभाईंकडे. रिटायर्ड नाईक. चहा पाजला, कागद दिले नाहीत. शिस्त सुटली की असं होतं.

२१ फेब्रुवारी
गागोदे बुद्रुक. पुंडलिक, माझ्याच पलटणीतला. बर्फात पायाची बोटं गेलेली, तरी शेतावर जातो. आधी नको म्हणाला. अर्धा तास व्याख्यान दिलं. शेवटी म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुमी सांगताय म्हणून देतो."
आधार, डिस्चार्ज बुक, चेहऱ्याचा फोटो, सगळं पाठवलं. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे त्याला दोनदा बजावलं. मग त्याला आलेला ओटीपी साहेबांना कळवला.

२ मार्च
अकरा जण पूर्ण. साहेब खूश. प्रशस्तिपत्र येणार आहे. हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवला.

१९ मार्च
पुंडलिकला पोलीस घेऊन गेले. त्याच्या नावावर चौदा सिमकार्डं निघाली. त्या नंबरांवरून कुणीतरी फौजी अधिकारी बनून जवानांच्या विधवांना फोन करायचं, पेन्शन लांबवायचं. सगळा गाव बघत उभा होता म्हणे.
माझं मत: त्याने कागद आणखी कुठेतरी दिले असणार. पहिल्यापासून बेसावध.
दुपारी साहेबांना फोन. बंद. मीटिंगमध्ये असतील.

२० मार्च
बंद. बॉर्डरवर गेले असतील.

२१ मार्च
बंद.

२३ मार्च
पुंडलिकला सोडलं. आता आठवड्याला हजेरी. गागोद्याला जाऊन आलो. त्याची बायको धोंडुबाई दारातच सांगू लागली. फसवलेल्यांतली एक बाई त्याच्यासमोर आणली होती. ती ओरडली नाही. माझा नवरापण फौजेतच होता, एवढंच म्हणाली. कागद कुणाला दिले, हे पोलिसांनी त्याला सारखं विचारलं. तो म्हणत राहिला, "आठवत नाय."
आत पुंडलिक भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. "तुमचं नाव घेतलं नाय, साहेब."
सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. चहा घेऊन परत आलो. त्याला विश्रांतीची गरज होती.

२५ मार्च
दिपिकाने काल रात्री माझा मोबाईल मागितला. सगळे मेसेज वाचले. रागावली नाही. आज शिफ्ट बुडवून मला स्कूटरवर पेणला घेऊन गेली. पोलीस ठाण्यात जबाब दिला. अकराही नावं सांगितली. पुंडलिकचं पहिलं.
लिहून घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, त्या कर्नलचं नाव काय?
बराच वेळ आठवून पाहिलं. साहेबाला नाव विचारायची मला सवय नाही. दीड महिना मी फक्त "हो सर" म्हणत होतो, असं सांगितलं.
त्यांनी तेवढंच लिहून घेतलं.