वरचा थर

अप्पा, उद्या सकाळी समितीची बैठक आहे आणि आज कशात म्हणून लक्ष लागत नाही. कॉफी केली, ती तशीच गार झाली. पापनाशमजवळच्या एका छोट्या देवळाच्या भिंतीचं उद्या ठरायचं आहे. वर मराठे इकडे तमिळ मुलखात राज्य करायचे त्या काळातलं चित्र, हातात दिवा घेतलेली काष्ट्यातली बाई. खाली कदाचित त्याहून जुनं, चोळांच्या वेळचं काहीतरी. वरचं खरवडून खालचं पाहायचं की आहे ते राखायचं, यावर मला मत द्यायचंय. तुम्ही असता तर एका शब्दात निकाल लावला असता, "काढा."

हे "काढा" मी तुमच्या हाताखाली भित्तिचित्रांचं काम शिकायला आले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. घरी स्वयंपाकघरात तुम्ही आईशी डांगर पचडीवरून मराठीत हुज्जत घालायचात, आणि कामावर पाऊल ठेवलं की तमिळशिवाय शब्द नाही. एका देवळाच्या मंडपात परांचीवर आपण दोघं, खाली बाकीचे शिकाऊ. भिंतीवर अशीच एक बाई, नाकात नथ. मी विचारलं, "अप्पा, चांगली आहे की ही. हिला कशाला काढायचं?" तुम्ही हातातलं पातं थांबवलंत. "इथे सर म्हणायचं. आणि घरची माया घरी ठेवून यायची." सगळ्यांसमोर! माझे कान तापले. मग तुम्हीच ती नथ खरवडलीत, आणि खाली निघालं काय? तळहाताएवढा तांबडा रंग आणि कोरा चुना. अहवालात मात्र लिहिलंत, जुना थर उघड केला. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत. आईनं विचारलं तेव्हा म्हणालात, "ठेवली असती तर म्हणाले असते, हा आपल्याच लोकांचं राखतो."

राग येतो हो, अजून येतो. कोणी बोट दाखवू नये म्हणून तुम्ही आपलंच आधी पुसायचात, आणि ऑफिसात त्याला निःपक्षपातीपणा म्हणायचे. आता मी शिकवते, तर नवी मुलं पहिल्याच दिवशी मला ऐकवतात, जितकं जुनं तितकं खरं. तुम्ही तयार केलेल्या माणसांनीच त्यांना हे शिकवलंय. मागच्या बैठकीत अध्यक्ष गोड हसून म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या लोकांचं काम. तुम्ही बाहेर बसलात तर बरं, नाही का?" मी म्हटलं, "बसते की. ज्यांना चोळांच्या पुढचं काही दिसतच नाही त्यांनीही चला, बाहेरचं बाकडं मोठं आहे." सगळे हसले. "अय्यो, रागावू नका मॅडम," म्हणत अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला, तो उद्यावर.

उद्या मी "राखा" म्हणणार. कारणं तयार आहेत: वरचा थर घट्ट आहे, खाली काय निघेल याचा भरवसा नाही, गावातल्या बायका अजून त्या बाईसमोर दिवा लावतात. सगळी खरी आहेत. पण यातलं किती त्या भिंतीसाठी आणि किती त्या नथीसाठी, हे मला सांगता येत नाही अप्पा.

खरं तर हे तमिळमध्ये लिहायला घेतलं होतं, तुम्हाला वाचता यावं म्हणून. दर वेळी हात "सर" लिहून थांबला. मराठी तुम्ही घरात नुसती बोलायचात, देवनागरी तुम्हाला येत नव्हती. त्या अक्षरांत लिहायला बसले, तेव्हा कुठे अप्पा म्हणता आलं.